परीक्षण काढू नका, कुठली प्रत पाहिलीत ते वर लिहा

'द विकर मॅन' या ब्रिटिश सिनेमाची जुनी डीव्हीडी पाहून तुम्ही लिहिलंत की कथा नुसती धावत सुटते, लॉर्ड समरआयल हे पात्र फार उशिरा येतं, दिग्दर्शकाला पटकथा पेलली नाही. त्यावर चार जण तुटून पडले की तुम्ही पाहिलात तो खरा सिनेमाच नव्हे, आणि आता तुम्ही विचारताय की परीक्षण काढून टाकू का. काढू नका, एवढं सांगायला लिहायला बसलो होतो, पण उत्तर लांबणार आहे. याच खड्ड्यात मी तुमच्या कितीतरी वर्षं आधी पडलोय.

आधी तुमच्यापुरतं. तुमच्या डिस्कवर बहुतेक अठ्ठ्याऐंशी मिनिटांच्या आसपासची, 1973 साली थिएटरात लागलेली कापलेली प्रत आहे. तिच्यात सरायीतल्या दोन रात्रींची एक रात्र केलेली आहे आणि पहिल्या रात्रीचं समरआयलचं दर्शनच उडवलंय. म्हणजे तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. दोष मात्र दिग्दर्शक रॉबिन हार्डीच्या माथी गेला. मोठी प्रत टिकली ती केवळ तिची एक कॉपी अमेरिकेत निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मनकडे गेली होती म्हणून.

आता माझं. (पुढे टेरी गिलियमच्या 'ब्राझील' सिनेमाचा शेवट सांगतोय. पाहिला नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा.) मामेभाऊ अमेरिकेहून तिकडच्या टीव्हीवरून टेप केलेली कॅसेट घेऊन आला. एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीची होती, आमच्या व्हीसीआरवर चालेना, म्हणून ओळखीच्यांकडे दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता तिथे जाऊन पाहिली. मध्येमध्ये प्रसंग उडाल्यासारखे वाटले, पण भावाने जाहिराती गाळत टेप केलं होतं, त्यामुळे त्यातच काहीतरी गेलं असेल असं समजलो. शेवटी नायक नायिकेला घेऊन सुटतो, गावाकडे सुखात राहतो. मला प्रचंड राग आला. दीड तास सरकारी कागदांच्या राक्षसावर कोरडे ओढायचे आणि शेवटी गोड घास भरवायचा? तेव्हा एका नियतकालिकात लिहीत असे. टेरी गिलियमने ऐनवेळी कच खाल्ली, असं दोन पानं लिहिलं.

1999 साली क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क कंपनीने काढलेला तीन डिस्कचा संच पुढे एका मित्राने आणला, तेव्हा कळलं. गिलियमचा सिनेमा 142 मिनिटांचा. त्यात सुटका नायकाच्या डोक्यातच घडते, तो खुर्चीला बांधलेलाच राहतो, 'ब्राझील' हे शीर्षकाचं गाणं गुणगुणत. मी पाहिलेली 94 मिनिटांची प्रत युनिव्हर्सल स्टुडिओने केलेली होती, आणि ती तशी लागू नये म्हणून गिलियमने 'व्हरायटी' या अमेरिकी सिनेव्यवसायाच्या पत्रात पानभर जाहिरात देऊन स्टुडिओच्या प्रमुखाला जाहीरपणे विचारलं होतं की माझा सिनेमा कधी लावताय. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी अमेरिकेत लागायच्या आधीच त्याला 1985 चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. ज्या शेवटासाठी तो असा भांडला, त्याच शेवटावरून मी त्याला भित्रा म्हटलं होतं. हे आजही बोचतं.

तरी चूक होते माणसाकडून. माझं खरं नुकसान केलं त्या नियतकालिकाच्या कचेरीने. दुरुस्तीचं पान लिहून मी स्वतः घेऊन गेलो. पहिल्या खेपेला संपादक जागेवर नव्हते. दुसऱ्या खेपेला अंक लागला होता. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, 'वाचकांची तक्रार आलीय का? मग कशाला उकरून काढता?' मजकूर माझा, नाव माझं, आणि दुरुस्ती छापायची की नाही हे ते ठरवणार! छापली नाहीच. पुढे आमच्या फिल्म क्लबच्या यादीत 'ब्राझील' आला तेव्हा एकाने माझं तेच कात्रण वाचून दाखवलं आणि सिनेमा यादीतून गेला. मी त्या बैठकीला नव्हतो. तुमच्या हातात एडिटचं बटण आहे, ते वापरा. मूळ मजकूर तसाच ठेवा, वर दोन ओळी टाका: अमुक मिनिटांची प्रत, अमुक माध्यमावर पाहिली.

माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या: विनोदी सिनेमातले दहा-वीस विनोद गेले तरी तो उभा राहतो, उपहासाचा सिनेमा शेवटच्या दोन मिनिटांवर उभा असतो. 'जाने भी दो यारो' घ्या. महाभारताचा प्रसंग सगळ्यांना पाठ, पण कैद्यांच्या कपड्यांतले ते दोघं रस्त्याने चालतात, मागे 'हम होंगे कामयाब', आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात, तेवढं काढलंत तर उरते धमाल. आणि कात्री कोणाची हेही बघा. त्याच सिनेमातली अनुपम खेरची अख्खी भूमिका गेली, पण ती मूळ संकलनातच, लांबीसाठी. तो सिनेमा तसाच आहे. स्टुडिओने मागाहून चालवलेली कात्री वेगळी.

लांबी कशी ताडायची? मी तंत्रज्ञ नाही, अनुभवावरून सांगतो. जुन्या भारतीय सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं तिथे पॉज करा. लांबी मीटरमध्ये असते. 35 मिमीची फिल्म मिनिटाला साधारण 27.4 मीटर पळते, म्हणजे 3600 मीटर असतील तर 131 मिनिटं. डिस्क त्याहून बरीच कमी भरली तर काहीतरी गेलंय. डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण असेल तर सेन्सॉरने कट सुचवलेले होते.

पण लगेच ओरडू नका. पाल, म्हणजे आपल्याकडच्या आणि युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम पळतात, सिनेमा चार टक्के लवकर संपतो. 142 चा 136 दिसला तर काही कापलेलं नाही. मी एकदा यावरूनही एकाशी उगाच वाद घातलाय. चित्राच्या दोन्ही बाजू छाटून चौकोनी टीव्हीत बसवलेली प्रत असेल तर छायाचित्रणाबद्दल अवाक्षर लिहू नका. व्हीसीडीवरून तर रंगांबद्दलही नको.

मोठी प्रत मिळाली की पाहा आणि त्याच धाग्यात खाली लिहा. समरआयल पहिल्या रात्री खिडकीखाली येतो तो प्रसंग पाहिल्यावर तुमचं मत काय होतं ते मला वाचायचंय.