‘उपकार’ आणि ‘अपकार’ यांत नेमका फरक काय?

उपकार म्हणजे भलं करणं आणि अपकार म्हणजे वाईट करणं, इजा पोचवणं. अर्थ थेट उलटे आहेत. दोन्हींत ‘कृ’ (करणे) हाच संस्कृत धातू आहे, फरक फक्त उपसर्गाचा. ‘उप’ म्हणजे जवळ, मदतीला; ‘अप’ म्हणजे दूर, विपरीत. उपाय-अपाय ही जोडीही तशीच.

वापरात मात्र दोन्ही शब्द सारखे चालत नाहीत. ‘उपकार’ बोलण्यात रोजचा: उपकार करणे, मानणे, फेडणे, आणि टोमणा म्हणून ‘मोठे उपकार केलेस!’ ‘अपकार’ पुस्तकी आहे. बोलताना ‘नुकसान केलं’, ‘वाईट केलं’ म्हणतात. विशेषणही ‘अपकारक’ क्वचित, ‘अपायकारक’ जास्त. आणि घाईत काना सुटला की ‘उपकर’ होतो, म्हणजे सरकारी सेस!

पण ‘उप’ दिसला की चांगलं, ‘अप’ दिसला की वाईट, असा नियम करू नका. उपद्रव आणि उपहास कुणालाच नको असतात, तर ‘अपेक्षा’मध्ये (अप + ईक्षा) वाईट काही नाही. ‘अपार’मध्ये तर ‘अप’ नाहीच; तो अ + पार.