वेताळ सुपरहिरो ठरतो का?

प्रश्न : आजोळच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे अंक सापडले. त्यांतल्या वेताळाकडे (मूळ इंग्रजीतला ‘फँटम’) अद्भुत शक्ती नाही, म्हणून तो सुपरहिरो नव्हे, असे माझा पुतण्या म्हणतो. आपले मत काय? – एक वाचक, परभणी

उत्तर : पुतण्याचा मुद्दा चुकीचा नाही, अपुरा आहे. अमेरिकी लेखक ली फॉक यांचा वेताळ १९३६ साली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी आला, आणि अंगाला घट्ट बसणारा पोशाख व बुबुळे न दिसणारा मुखवटा, ही पुढे अनेक नायकांची ओळख ठरलेली वेशभूषा त्याच्याकडे तेव्हापासूनच होती. त्याचे बळ मला कवटीच्या अंगठीपेक्षा वारशात दिसते. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि लोक त्याला अमर समजतात. विज्ञानकथेचा आधार मात्र त्याला नाही. सुपरमॅन परग्रहावरून येतो, १९६२च्या स्पायडरमॅनला किरणोत्सारी कोळी चावतो. तरीही पैशाच्या ओढाताणीने गांजलेला स्पायडरमॅनच मला सर्वांत जवळचा वाटतो. (सुपरमॅनचे चाहते रागावतील, रागावोत.)

ती ट्रंक पत्र्याच्या खोलीत असेल, तर अंक आधी बाहेर काढा. आपल्याकडच्या मे महिन्यात तो कागद घडीवरच तुटतो.