अमेरिकेत लुईझियाना राज्यात राहायला जातोय. भारतातून येताना गर्भपाताच्या गोळ्यांचा किट बरोबर आणावा का?

नका आणू. नवऱ्याच्या बॅगेत तर अजिबात नको.

१ ऑक्टोबर २०२४ पासून इथे किटमधल्या मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या झॅनॅक्स, व्हॅलियम अशा सवय लागणाऱ्या गुंगीच्या गोळ्यांच्या पंगतीत नेऊन बसवल्यात. चिठ्ठीशिवाय जवळ सापडल्या तर ५ वर्षांपर्यंत कैद. यातली मिसोप्रोस्टॉल मुळात पोटातल्या अल्सरची गोळी. सांगलीत माझी आई संधिवाताच्या औषधाबरोबर ती रोज घ्यायची. तिची नशा कसली चढणार, कपाळ!

त्या दिवाळीत आमचे ह्यूस्टनचे मोठे दीर चकली मोडत म्हणाले, "कायदा पाडून घेणाऱ्यांसाठी आहे गं, तुला कोण अडवतंय?" तीन आठवड्यांनी माझ्या सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. नववा आठवडा होता. डॉक्टरीणबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या लिहून दिल्या. औषधाच्या दुकानातल्या मुलाने आधी स्क्रीन बघितला, मग माझं पोट. म्हणाला, निदान लिहिलेलं नाही. म्हटलं, मी सांगते ना. तर म्हणे, तुमचं सांगणं चालत नाही, डॉक्टरांनी कळवायला हवं. त्यांचा फोन लागेना. मी पावणेतीन तास शॅम्पूच्या फळ्यांसमोर, रक्तदाब मोजायच्या खुर्चीत बसून होते. नवऱ्याने तीनदा माझा रक्तदाब मोजला. बिचाऱ्याला दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं.

हे विधेयक आणणारे राज्याचे सिनेटर थॉमस प्रेस्ली यांच्या बहिणीला तिच्याच नवऱ्याने नकळत या गोळ्या पाजल्या होत्या. त्यांचा संताप खराच आहे, पण त्या नवऱ्याचं पाप मी का फेडायचं? बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायलाही हीच गोळी लागते. आता दवाखान्यात ती कुलपात असते. पाडून घेणाऱ्या आणि मी अशा दोन वेगळ्या रांगा कुठल्याच खिडकीवर नसतात, हे दिरांना अजून पटलेलं नाही. डिसेंबर २०२५ पासून त्यांच्याच टेक्सासात अशा गोळ्या पाठवणाऱ्यावर कुणीही उठून १ लाख डॉलरचा दावा ठोकू शकतो. आता सांगा म्हणावं, कोण अडवतंय.

तुम्ही इथे आलात की आधी चांगली डॉक्टर गाठा आणि कुठल्याही चिठ्ठीवर निदान लिहून घ्या.

हो, एक राहिलंच. गर्भवती बाईने स्वतःसाठी गोळ्या जवळ ठेवल्या तर तिच्यावर गुन्हा नाही, असं कायद्यातच आहे. आणून देणाऱ्याला ती सूट नाही. अर्थात मी वकील नाही. दीरही नाहीत.