पायाळू म्हणजे सायकिक नव्हे, आणि घराणं तर पायाळू नसतंच

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची भाची दहावीत आहे, माणदेशातली. तिचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, या पावसाळ्यात गेले. तेराव्याला आत्याने तिला जवळ बसवून सांगितलं की आबा पायाळू होते, विहिरीची जागा दाखवायला लोक त्यांना लांबलांबून न्यायचे, मलाही काही गोष्टी आधीच कळतात, तुलाही कळत असणार, आपलं घराणंच पायाळू आहे. त्यावर पोरगी म्हणाली की आबा जायच्या आदल्या रात्री तिला खरंच कळलं होतं. आता ती वहीत आबांबद्दल लिहितेय आणि तिथे अडलीय, 'सायकिक फॅमिली'ला, म्हणजे ज्यांना न दिसणारं किंवा पुढचं आधीच कळतं अशा घराला, मराठीत काय म्हणायचं, 'पायाळू घराणं' चालेल का? आत्याने हेही सांगितलंय म्हणे की पायाळू हा शब्द पाताळावरून आला, ज्याला पाताळातलं दिसतं तो पायाळू.

नाही चालणार. आणि हे मी जरा चिडूनच लिहितेय, कारण हल्ली पायाळू शब्द कशालाही लावलेला ऐकते. ज्याचा पायगुण चांगला तो पायाळू, ज्याला स्वप्नात पुढचं दिसतं तो पायाळू, परवा तर एका लग्नात नव्या सुनेचं कौतुक 'अगदी पायाळू आहे हो' असं चाललं होतं, म्हणजे तिच्या पावलांनी भरभराट आली म्हणून. अहो तो पायगुण. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले ते माणूस, बस. मोल्सवर्थने १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात हाच अर्थ दिलाय आणि खेड्यातली कुठलीही म्हातारी हाच अर्थ सांगेल. बाकी ते विजेला भिणं, उसण भरली की पायाळूची लाथ मारून घेणं, डोळ्यांत काजळ घातलं की जमिनीतलं धन दिसणं, या सगळ्या त्या माणसाबद्दलच्या समजुती आहेत. शब्दाचा अर्थ आणि शब्दाला चिकटलेली समजूत यात फरक करायचा की नाही?

पण आत्याच्या त्या पाताळाने मात्र मला दोन दिवस झोपू दिलं नाही, म्हणून आधी तेच घेते.

वरवर पाहिलं तर सोपं आहे, पाय अधिक आळू. मायाळू, झोपाळू, लाजाळू, विसराळू, कष्टाळू या रांगेतला शब्द. हा आळू थेट संस्कृतातला आलु. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र केलंय, त्यात दयालु, निद्रालु, तन्द्रालु, श्रद्धालु हे सगळे येतात. झालं, म्हणतात बरेच जण, व्युत्पत्ती संपली. कशी काय संपली? या रांगेतले सगळे शब्द नीट बघा ना. माया, झोप, लाज, विसर, कष्ट. सगळ्या मनाच्या नाहीतर सवयीच्या गोष्टी. आळू लागतो तो स्वभावाला. शरीराच्या भागाला किंवा वस्तूला लागतो तो आळ, केसाळ, रसाळ, दुधाळ. केसाळू कुणी म्हणत नाही. मग पाय हा काय स्वभाव आहे? पायाळू माणूस आयुष्यात एकदाच, तेही जन्माच्या क्षणी, पायांनी आला, त्याला काही पायांनी येण्याची खोड नव्हती. तेव्हा या शब्दाला मायाळूच्या शेजारी बसवून मोकळं होणारे व्याकरणवाले मला अजिबात पटत नाहीत, त्यांनी शेपूट बघून जनावर ओळखलंय.

हिंदीत याच अर्थाचा शब्द आहे पायल. पैंजण नव्हे, तो पायल वेगळा. उलट्या जन्मलेल्या मुलालाही तिकडे पायल म्हणतात, त्याच्या लाथेने पाठ बरी होते ही समजूतसुद्धा तिकडे आहे. तिथे ऊ नाही, आळू नाही, नुसता ल. माझं मत असं की मराठीतही आधी असंच काहीतरी साधं रूप असणार आणि मायाळू-दयाळूंच्या संगतीने त्याला मागाहून ऊ चिकटला. हे मत आहे, सिद्ध झालेलं नाही, पण आळूच्या स्वभावाशी हेच जुळतं.

आता खरी गंमत. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला त किंवा द गळून जातो आणि रिकाम्या जागेत बऱ्याचदा य येऊन बसतो. पादचा पाय असाच झाला. मातेची माय अशीच झाली. मग पातालचं काय होईल? पायाल! आणि हे मी बसल्या जागी जुळवलेलं नाही, प्राकृतात पाताळाला पायाल हाच शब्द आहे, जैनांच्या ग्रंथांत तो येतो. आज आपण म्हणतो ते पाताळ संस्कृतातून पुन्हा उचललेलं, म्हणून त्याचा त शाबूत राहिला.

म्हणजे बघा, एके काळी इथे पाय होता, पायांनी जन्मलेल्याचं नाव होतं आणि पायाल म्हणजे पाताळ होतं, तिन्ही कानाला जवळजवळ एकच. अशा वेळी लोक काय करणार? पायाळूला पायालातलं दिसतं असं म्हणणार! गुप्तधन, पाण्याचे झरे, जमिनीखालचं सगळं काही. माझा ठाम अंदाज आहे की ही जमिनीखालचं दिसण्याची समजूत या आवाजाच्या सारखेपणातून जन्मली, म्हणजे शक्तीवरून शब्द आला नाही, शब्दावरून शक्ती आली. त्यात पाया हा शब्दही हाताशी आहेच, पाया खणताना हंडा सापडल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. तेव्हा आत्या चुकली, पण फार सुंदर चुकली. शब्द पाताळावरून आलेला नाही, समजूत आली असावी.

यावर एका अभ्यासू गृहस्थांनी मला लगेच ऐकवलं की असं काही नसतं, पायांनी जन्मणं जगभर अशुभ किंवा अद्भुत मानतात, समजूत आधी असते आणि शब्द मागून येतो. जगभर मानतात हे खरंच आहे. रोमन लोकांत अग्रिप्पा हे नाव होतं, आणि प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की पायांनी जन्मलेल्यांना अग्रिप्पा म्हणतात कारण ते कष्टाने जन्मलेले असतात. म्हणजे अग्रिप्पा म्हणजे रोमचा पायाळू! (प्लिनीची ही व्युत्पत्ती आजचे सगळे पंडित मानत नाहीत, पण मला ती फार आवडते.) नीरो बादशहाही पायाळूच जन्मला असं तिथेच आहे. पण त्या गृहस्थांनी पुढचं वाचलेलं नाही. प्लिनी म्हणतो हे जन्मणं निसर्गाच्या उलट, अपशकुनी. अग्रिप्पांना जमिनीतलं धन दिसतं असं तो कुठे म्हणत नाही. अपशकुन सगळीकडे सापडेल, जमिनीखालचं दिसणं इथलं आहे, आणि ते इथलं का आहे याचं उत्तर त्या गृहस्थांकडे नाही, माझ्याकडे निदान पायाल तरी आहे. विजेची भीती मात्र यात बसत नाही, ती दुसरीकडून आलेली दिसते.

या शब्दाच्या बाबतीत मी इतकी काटेकोर का, तेही सांगते. पायाळू पोरांना गुप्तधनाच्या नादात भोंदूंनी ओढून नेल्याच्या गोष्टी आपल्याकडे नुसत्या गोष्टी नाहीत. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याचे साठे शोधायच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागलाय. तेव्हा दहावीतल्या मुलीला सहज 'तूही पायाळू' म्हणून टाकणं मला बरं वाटत नाही. ती पायांनी जन्मली का? नाही ना. मग ती पायाळू नाही, विषय संपला.

घराणं पायाळू असतं का? पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळांत तीन-चार डोक्याऐवजी खालच्या अंगाने येतात, आणि त्यातलीही सगळी पायांनी नाही, बरीच बुडाने. नॉर्वेतला २००८चा एक मोठा अभ्यास आहे त्यात मात्र असं दिसलं की आई किंवा बाप असा जन्मलेला असेल तर त्यांचं पहिलं मूलही तसंच यायची शक्यता दुपटीहून जास्त. म्हणजे बाळाची ठेवण थोडीफार घराण्यात उतरते म्हणा. पण घराणं काही पायांनी जन्मत नाही, प्रत्येक माणूस आपापला जन्मतो, त्यामुळे 'पायाळू घराणं' हे मराठी नव्हेच. 'आमच्यात दोघं पायाळू' म्हणा.

आणि आबांना विहिरीची जागा कळायची त्याला पायाळू कशाला पाहिजे, त्याला किती झकास शब्द आहे, पाणाड्या! हातावर नारळ घेऊन किंवा बेचक्याची ओली काठी धरून शेत तुडवणारा तो पाणाड्या. पाणाड्या पायाळू असू शकतो, नसू शकतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी. या शब्दात मला आपला आड दिसतो, विहीर या अर्थाचा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून मधला. पाण्याचा आड दाखवतो तो पाणाड्या. कुणी म्हणेल तो नुसता प्रत्यय आहे, म्हणोत बापडे, मी आड सोडणार नाही.

या विद्येला जुनं नाव आहे दकार्गल. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत तिच्यावर अख्खा अध्याय लिहिलाय. दक म्हणजे उदक, अर्गल म्हणजे अडसर, पाण्याच्या दाराचा अडसर. सुरुवातीलाच तो म्हणतो की माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीतही वर-खाली शिरा असतात. आणि पुढे काय सांगतो? मंत्र नाही, काजळ नाही. कुठलं झाड, त्याच्या कुठल्या अंगाला वारूळ, किती हातांवर, किती खोल, माती कुठल्या रंगाची, दगड कसा. सगळं बघणं. उंबर कुठे तरारलाय हे वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसाला जागा सांगता येते, आणि माणदेशासारख्या कोरड्या मुलखात असा माणूस किती मोलाचा. त्या पोरीने आबांना पायाळू म्हणून सोडून दिलं तर त्यांचं हे सगळं बघणं वाया जातं, सगळं श्रेय त्यांच्या जन्माला जातं. म्हणून मी म्हणते तिने पाणाड्या लिहावं, मोठ्या अक्षरात लिहावं.

आता सायकिक. मूळ प्रश्न तोच होता. याला 'मानसिक' म्हणू नका, मानसिक शक्ती म्हणजे सोसण्याची ताकद, भलताच अर्थ होतो. 'अतींद्रिय' चालेल, पण अति अधिक इंद्रिय असल्यामुळे ती दीर्घ, अतिंद्रिय लिहिलेलं दिसलं की डोळ्यात खुपतं. 'सहावं इंद्रिय' तर नकोच नको, ते इंग्रजीतून ढापलेलं आहे आणि आपल्याकडे ती जागा केव्हाच भरलीय. गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'मनःषष्ठानीन्द्रियाणि' आहे, मन धरून सहा. सहावं इंद्रिय म्हणजे मन, आणि ते प्रत्येकाला असतं.

खरं सांगायचं तर सायकिकला एक सरसकट शब्द मराठीत नाही आणि मला त्याची उणीव वाटत नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द आहे. ज्याचं वाईट बोलणं खरं होतं तो काळजिभ्या, जिच्या अंगात येतं ती झाड, पाणी दाखवतो तो पाणाड्या, आणि योगसूत्रं तर सांगतात की सिद्धी पाच कारणांनी येतात आणि त्यातलं पहिलंच कारण जन्म. ज्याला आधी कळतं त्याला मात्र मराठी नाव देत नाही, मराठी वाक्य देते. तिला कळतं. तिला दिसतं. मनाला लागलं. काळजात चर्र झालं. पाल चुकचुकली. एकाही वाक्यात ती कर्ता नाही! आपल्याला काही समजलं हे सांगायला 'मी कळले' असं मराठीत होतच नाही, 'मला कळलं' असंच होतं. कळणं येतं आणि माणसाला गाठतं, त्यात त्या माणसाने काही केलेलं नसतं. आबा जायच्या आदल्या रात्री कळलं आणि तरी मी काही केलं नाही, असं त्या मुलीच्या मनात कुठेतरी असणार, पंधरा-सोळाव्या वर्षी असतंच, तर ताई, तिला हे वाक्य नीट उलगडून दाखवा.

आणि आता घरात तिला आबांचा खोकला किंवा काठीचा आवाज येत असेल तर त्याला भास म्हणून उडवून लावू नका, शक्ती म्हणून डोक्यावरही घेऊ नका. डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली छापलं होतं की जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवलेलं आहे, दिसलेलं आहे किंवा ऐकू आलेलं आहे, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलेलंही नव्हतं. याला आपला शब्द चाहूल. भास म्हटलं की खोटं ठरतं, साक्षात्कार म्हटलं की देव्हाऱ्यात जातं, चाहूल म्हटलं की नुसतं कुणीतरी आल्यासारखं वाटलं एवढंच राहतं, ना खरं ना खोटं.

तेव्हा तिने असं लिहावं: आमचे आबा पायाळू होते आणि पाणाड्याही होते, आत्याला आधी कळतं, मला आबांची चाहूल लागते. 'पायाळू'तला ळू दीर्घ, बाईलाही पायाळूच म्हणायचं, आणि 'घराणं' खोडून टाकायचं.