स्थानिक असूनही रोपे का दगावली?

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात तापमान अनेकदा शून्य अंशाखाली उतरते. बागेत स्थानिक झाडेच लावायची असे ठरवून गेल्या शरद ऋतूच्या अखेरीस रोपे आणली, पण वसंतापर्यंत निम्मी वाळली. स्थानिक झाडेही थंडीत का मरावीत? यापुढे निवड कशी करावी?

उत्तर : झाड स्थानिक जातीचे आहे एवढ्यावरून ते आपल्या बागेत तगेल असे गृहीत धरता येत नाही, कारण जातीइतकेच महत्त्व रोप कोठल्या बियांपासून तयार झाले याला असते. एकच जात उबदार सखल भागातही वाढते आणि थंड उंचावरही, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या हवेत वाढल्यामुळे वाढ केव्हा थांबवायची याचे त्यांचे वेळापत्रक निरनिराळे झालेले असते. थंड प्रदेशातील बरीच झाडे दिवस लहान होऊ लागले की वाढ आवरती घेतात; उबदार भागातील बियांचे रोप मात्र उशिरापर्यंत फुटत राहते आणि त्याचे कोवळे फुटवे जून होण्याआधीच कडाक्याची थंडी त्यांना गाठते. आपल्या रोपांचे शेंडे आधी काळे पडले असतील, तर हेच घडले असण्याचा संभव मोठा आहे. म्हणून रोपवाटिकेत जातीच्या नावासोबत बी कोठून आणले हेही आवर्जून विचारावे. माझ्या मते हा प्रश्न फुलांच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

रोपे मुळांसकट वर उचललेली दिसली असतील, तर कारण वेगळे असते. ओली माती गोठताना फुगते आणि मुळे न रुजलेल्या रोपाला वर ढकलते. त्यामुळे जमीन गोठण्यापूर्वी किमान सहा आठवडे लागवड करावी, बुंध्यापासून थोडे अंतर राखून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, आणि तेवढा अवधी नसेल तर वसंताची वाट पाहावी.

जागाही पारखून घ्यावी. थंड हवा जड असल्यामुळे उताराच्या तळाशी आणि उतारावरील भिंतीच्या चढाकडच्या अंगाला साचते. तेथे लवकर फुलणारी झाडे लावल्यास कळ्या करपतात. सदाहरित झाडांना वाऱ्यापासून आडोसा हवा, कारण गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी घेता येत नाही, पण पानांतून ते उडतच राहते.

निवडताना कीटकांचाही विचार अवश्य करावा. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या केवळ मिल्कवीड कुळातील, म्हणजे रुईसारख्या चिकाळ वनस्पतींच्या, पानांवर जगतात. असे घट्ट नाते असलेल्या वनस्पती प्रत्येक प्रदेशात असतात. दुहेरी पाकळ्यांचे वाण टाळावेत, कारण त्यांत बहुधा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मधमाश्यांना पराग मिळत नाही.

वाळलेली रोपे मात्र एवढ्यात उपटू नयेत. बुंध्याजवळची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर ते रोप उन्हाळ्यापर्यंत तळातून पुन्हा फुटू शकते.