बालसाहित्यिक म्हणून पूर्णवेळ करिअर करता येईल का? मुलांसाठी लिहिणं सोपं असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करावी म्हणतो.

‘सोपं असतं’ वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमचा दादा मला गेली बावीस वर्षं ऐकवतोय. तो दिवाळी अंकांत कविता लिहितो, म्हणून तो साहित्यिक. मी मुलांच्या गोष्टी लिहितो, ती हौस.

पहिली गोष्ट मी एका शाळेत पाचवीच्या वर्गाला वाचून दाखवली होती. सायकलवरचा पोरगा रात्री चोराचा पाठलाग करतो, अशी. चांगला रंगात आलो होतो, हातवारे-बितवारे. संपल्यावर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. “पण काका, त्याची सायकल दुपारीच पंक्चर झाली होती ना? पंक्चर काढलं कधी?” वर्ग खो-खो हसला. हस्तलिखित तीन मोठ्या माणसांनी वाचलं होतं, दादासकट. एकालाही ते पंक्चर दिसलं नव्हतं. (दादानं ‘अनुस्वार तपासून घे’ एवढंच सांगितलं होतं.) गोष्ट चार वेळा नव्यानं लिहिली. पंक्चर काढत बसला तर चोर पळतो, नाही काढलं तर पोरगा पायी. शेवटी त्याला शेजारच्या काकूंची लेडीज सायकल दिली. त्याला तिची लाज वाटायला लागली आणि तिथून गोष्टीत जीव आला.

भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’च्या गोष्टी पुन्हा वाचा. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, सायकल, ते ‘ट्टॉक्’. एवढ्या पुस्तकांत कुठे ‘तर मुलांनो, यातून काय शिकलात?’ नाही. हल्ली निम्म्या बालकथा त्या एका वाक्यासाठीच लिहिलेल्या असतात. मुलं त्या बरोबर ओळखतात आणि बाजूला ठेवतात. भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणून पोरांच्या हातात दिल्या. 1910चा जन्म, 2001 साली गेले. फेणेवर सिनेमा आला तो 2017 मध्ये. त्यात दिलीप प्रभावळकर भागवत झाले होते, पण ते बघायला भागवत नव्हते. घरात त्यांच्या पत्नी लीलावतीबाईही लिहीत आणि आकाशवाणीवर बायकांसाठीचा ‘वनिता मंडळ’ कार्यक्रम सांभाळत, हेही करिअरचा हिशोब मांडताना लक्षात घ्या.

पोट भरतं का? माझं नाही भरलं. पहिल्या पुस्तकाचे अडीच हजार एकरकमी आणि पंचवीस प्रती मिळाल्या. त्यातल्या अकरा अजून माळ्यावर आहेत. नोकरी सोडू नका. चित्रं स्वतः काढत असाल तर कदाचित तुमचं गणित वेगळं असेल, मला त्यातलं कळत नाही. आणि थोरला भाऊ असेल तर हस्तलिखित त्याला दाखवू नका, सरळ एखाद्या पाचवीच्या वर्गात जा.

दादाच्या कविता तशा चांगल्या असतात, हेही सांगायला हवं. पाचवीला वाचून दाखव म्हटलं, तर मात्र त्याला त्या दिवशी नेमकं काम निघतं.