आधी स्लॅब बघा, बियांचं नंतर

तुम्ही दोघांनी लिहिलंय की बेळगावच्या वडगावातल्या घराच्या गच्चीवर तीन हजारांत भाजीची बाग करायची आहे. प्लास्टिक अंथरून विटांचा दहा बाय दहा फुटांचा वाफा करणार, ट्रॉलीभर तांबडी माती सांगून ठेवली आहे, आता फक्त बी कुठलं आणायचं तेवढं सांगा. बियांचं राहू द्या. आधी त्या ट्रॉलीवाल्याला फोन करून माती नको म्हणून सांगा.

अनगोळात आमच्या गच्चीवर २०१९ च्या मे महिन्यात आम्ही हेच केलं होतं. तसाच वाफा, तशीच माती, खाली तसलंच निळं प्लास्टिक. जुलैपर्यंत पोकळा आणि मेथी इतकी सुंदर आली होती की शेजारच्या काकू रोज संध्याकाळी बघायला वर यायच्या. मग ऑगस्ट आला. त्या वर्षीचा महापुराचा ऑगस्ट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. माती पाणी पिऊन फुगली, विटांच्या फटीतून तांबडा गाळ वाहून पाईपच्या तोंडाशी बसला आणि गच्चीवर घोटाभर पाणी साचलं. प्लास्टिक खुरप्याचं टोक लागून कधीच फाटलं होतं, ते आम्हाला कळलंच नव्हतं. त्याच्या खाली शिरलेल्या पाण्याला वाळायला वावच नव्हता. स्वयंपाकघराच्या छतावर आधी ताटाएवढा पिवळा डाग दिसला. सासूबाई म्हणाल्या, ओल आली असेल, उन्हाळ्यात वाळेल. आठ दिवसांनी पहाटे गिलाव्याचा तुकडा पिठाच्या डब्यावर पडला. वर बघितलं तर सळई उघडी पडलेली, गंजून पापुद्रे सुटलेले. माझी मुलगी रोज सकाळी तिथेच खाली बसून दूध प्यायची. ती तेव्हा झोपेत होती, म्हणून बरं.

भर पावसात दोन माणसं लावून बुट्टीबुट्टीनं माती खाली उतरवली. स्लॅबची दुरुस्ती आणि पाणी झिरपू नये म्हणून वर घातलेला कोबा मिळून अडतीस हजार गेले. बाग केली होती चार हजारांत.

वजनाचा हिशेब मला नंतर एका ओळखीच्या इंजिनिअरनं करून दाखवला. दहा बाय दहा आणि फूटभर उंच म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास. एक ब्रास ओली माती साडेचार ते पाच टन भरते. माणसं वावरतात अशा साध्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलो जादा भार धरून बांधतात, म्हणजे तेवढ्या जागेवर चौदाशे किलोच्या आसपास. तिप्पट भार आम्ही स्वतःच्या हातानं डोक्यावर चढवला होता. मी इंजिनिअर नाही, तुमच्या घराचं बांधकाम मी बघितलेलं नाही. जुनं घर असेल तर जाणत्या माणसाला एकदा वर नेऊन दाखवाच, त्याचे पैसे वाचवू नका.

आम्ही मातीच्या फंदात पडलो त्यालाही कारण होतं. एका कचेरीत गच्चीवरच्या बागेसाठी पिशव्या आणि रोपं स्वस्तात मिळतात असं ऐकलं होतं. मी चार खेटे घातले. अर्ज कन्नडमध्ये, मला धड वाचता येईना. भरून द्या म्हटलं तर बाहेरून भरून आणा. मग घरपट्टीची पावती, मग ती सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून वारसाचे कागद, मग साहेब सुट्टीवर. चौथ्या वेळी सांगितलं की वाटप मागच्याच आठवड्यात संपलं. त्या रागात घरी येऊन माती मागवली. तुम्हाला कुणी अशी आशा लावली तर अर्ज जरूर करा, पण त्यावर अवलंबून राहू नका.

आता मी रंगाऱ्यांकडच्या, भिंतीला लावायच्या पुट्टीच्या रिकाम्या बादल्या वापरते. दहा-वीस रुपयांना एक मिळते, कधी फुकटही. पाणी निघायला तळाला भोकं पाडून घ्यायची. बादली सरळ स्लॅबवर ठेवायची नाही, खाली दोन विटा हव्यातच, म्हणजे पाणी निघून जातं आणि खालून झाडता येतं. भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर मांडा, मधोमध गर्दी नको. आत निम्म्याहून जास्त पालापाचोळा आणि रसाच्या गाड्यावरची उसाची चिपाडं भरायची. चिपाडं आठवडाभर उन्हात वाळवून घ्या, ओली टाकलीत तर मुंग्यांची रांग लागते. वर एक भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत. आपली तांबडी माती नुसती वापरली की पाऊस संपल्यावर विटेसारखी घट्ट होते. पाचोळा बसत जातो, दर दोन महिन्यांनी वरून भर घालावी लागते.

आणि जूनमध्ये सुरुवात करू नका, हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो. आपल्याकडच्या पावसात कोवळी रोपं सडतात आणि नवखी माणसं कंटाळतात. पावसाळ्यात फार तर कठड्यावर चढवायला एखादा दोडका लावा. गणपती होऊ द्या, मग मेथी, पोकळा, मुळा, थंडी पडली की टोमॅटो आणि ढबू मिरची. पहिल्या वर्षी दहा बादल्यांच्या वर जाऊ नका. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असेल तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका डब्यात साठवायची सवय आजपासून लावा, पण ते दुसऱ्या दिवसाच्या आत घालायचं, नाहीतर वास मारतं.

बी मी वडगाव-शहापूरच्या शेतकरी बायकांकडून मागून घेते. माळवं, म्हणजे भाजी, घेताना विचारलं की मूठभर मेथीचं बी सहज देतात, आणि पाकिटातल्यापेक्षा चांगलं उगवतं असा माझा अनुभव आहे.

पाईपच्या तोंडाला जाळी आहे का ते आजच बघा. नसेल तर घरातली जुनी स्टीलची गाळणी उलटी बसवली तरी चालते. आणि गच्चीच्या खालच्या खोलीच्या छताचा एक फोटो दिवसाउजेडी काढून दाखवा. डाग आधीपासून असेल तर बादल्यासुद्धा थोडं थांबूनच ठेवू.